खालची ओळ

साखरखेर्ड्याच्या शाळेत डोळे तपासायचं शिबिर होतं. रांगेत उत्तमराव ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत उभे होते. त्यांच्या पुढे खुर्चीवर कलाबाई बसली होती. तपासणारी तिचीच नात महामाया. ऑप्टोमेट्री शिकून आल्यावर कामाचा आज पहिलाच दिवस; तिला शिकवणारे सर दाराशी उभे राहून बघत होते.

"आजी, खालची ओळ वाच."

"क, ल, ट, म, प."

"आता वाच."

"क, ल, ट, म, प."

"आजी, आता म्या तक्ता बदलला."

"बदलला का?"

"पाठ काऊन केलं तू?"

"तुहे सर तिथं उभे आहेत. त्यायले वाटंल, इची आजीच नापास झाली."

"यात नापास कोणीच होत नाही, आजी. तुले जे दिसत नाही, त्याच्यावरूनच तं नंबर निघते."

"मंग खरं सांगू? तुह्यं तोंडबी नीट दिसत नाही मले."

"थांब, ही काच लावते. आता?"

कलाबाईनं मान पुढं काढून नातीच्या तोंडाकडं पाहिलं.

"दिसते का?"

"किती वाळली वं तू, माय."

महामायानं डोळे पुसले, काच पुसली अन् पुढचं नाव घेतलं. उत्तमराव खुर्चीवर बसले.

"बाबा, खालची ओळ वाचा."

उत्तमरावांनी घसा खाकरला.

"नाही दिसत, पोरी. वरचीबी नाही दिसत."