मुदत चारपर्यंत होती

हॅलो?… हां ताई, बोल… नाही गं, ऑफिसात नाही, हॉस्पिटलात आहे… अगं, मला काही झालेलं नाही! कामाला आलेय. लिफ्टसमोरच्या बाकावर बसलेय. पाय नुसते भरून आलेत.

हो… हो, माहितेय. साडेपाच वाजून गेले.

नाही… नव्या नोकरीचं 'स्वीकारते'चं बटण नाही दाबलं. नाही म्हटलं ना.

अगं ऐक ना… आधी ऐक तर! कंपनी केवढी मोठी आहे ते मला नको सांगूस. सहा मुलाखती मीच दिल्यात.

दुपारी तात्याला सांगून टाकलं, मी चालले म्हणून… तात्या गं, आमचा मालक! एकोणतीस वर्षांचा, पण चेहरा सदा चार पोरी उजवायच्या असल्यासारखा, म्हणून तात्या… काय म्हणणार? "जा तू. तुझ्या जागी मीही गेलो असतो." आणि चष्मा पुसत बसला. मी गेले की ऑफिसात तिघांतले दोघंच उरणार ना.

तेवढ्यात इथल्या सिस्टरचा फोन. सात नंबरच्या खाटेची घंटी वाजत नाही… आमचं यंत्र गं, सलाइनच्या बाटलीला लावतो ते. बाटली संपत आली की सिस्टरच्या टेबलावर वाजतं… हो, तेच 'खेळणं'. तुझ्या नवऱ्याने ठेवलेलं नाव.

खाटेवर एक आजोबा. उशाशी त्यांची मुलगी, बाटलीकडे टक लावून. म्हणाली, "काल घंटी होती, म्हणून जरा डोळा तरी लागला." आज बिचारीची पापणी मिटली नव्हती.

मग काय, उघडलं. एक वायर निसटली होती… नाही, तात्याला नाही जमत ते. दोन तास गेले.

हो, फोन जवळच होता… रेंजही होती.

विसरले?… आईला तसं सांगूया हवं तर. पण विसरले नव्हते, ताई. समोर भिंतीवर घड्याळ होतं. चाराला पाच कमी. पाहिलं मी. हातातलं खाली ठेवायचं आणि एक बोट लावायचं, एवढंच होतं… आणि मी परत स्क्रू पिळायला घेतला.

नाही गं, आनंद-बिनंद काही नाही. दमलेय फक्त… बुडालो तर बुडालो. दुसरी नोकरी बघीन… हो, अशी परत नाही मिळणार. माहितेय.

ताई, तुझी मोठी नोकरी राहून गेली ती मीच करायची, असं थोडंच आहे?

हॅलो?… ताई?… आहेस ना?

चुकले गं. तसं नव्हतं म्हणायचं… खरंच नव्हतं… हो. हो, सकाळपासून काही खाल्लं नाही… येते. तुझ्याकडेच येते.

आईला मी सांगेन, तू नको… नाही, मीच…

बरं. तूच सांग. ठेवते.