शेजारी उभं राहायला

हिल्के : उभं राहायचं म्हणजे नुसतं उभं? बोलायचं काही नाही ना?

यित्स्के : एक अक्षर नाही. परीक्षक मला तासभर प्रश्न विचारणार आणि तू काळा कोट घालून माझ्या शेजारी. इथली रीतच आहे, डॉक्टरेटच्या दिवशी आपली दोन माणसं लागतातच, एक डावीकडे, एक उजवीकडे. आज संध्याकाळपर्यंत नावं कळवायचीत.

हिल्के : दुसरा कोण?

यित्स्के : बघतेय.

हिल्के : चार वर्षं झाली तुला त्या विद्यापीठात. अजून बघतेयस?

यित्स्के : तू येणार का, ते सांग ना.

हिल्के : तुझा प्रबंध वाचला मी. गाईंच्या शेणामुताने चरांमधलं पाणी कसं नासतं, तेवढं कळलं. नकाशातला सात नंबरचा चर आपला आहे. बाबांनी वळणावरून ओळखला.

यित्स्के : बाबांनी? काय म्हणाले?

हिल्के : काही नाही. चष्मा काढून ठेवला आणि दूध काढायला गेले.

यित्स्के : अरे, मी नाव कुणाचंच दिलेलं नाही त्यात.

हिल्के : तेच तर! शेवटच्या पानावर तुझी ओळख छापलीय. कुठली शाळा, कुठलं कॉलेज, सगळं आहे. गोठ्याचं नावसुद्धा नाही. लाज वाटते आमची?

यित्स्के : लाज नाही रे, भीती. गोठेवाल्याची मुलगी म्हटलं की इथे म्हणणार, हिचे आकडे खरे कशावरून? आणि चराचं पाणी तपासते म्हटलं की गावात मी वैरीण. म्हणून कोणी विचारलं, कुठली गं तू, की मी हवापाण्यावर घसरते. मग लोक विचारायचेच थांबतात. फार एकटी पडलेय मी, हिल्के. दुसरं नाव नाहीये माझ्याकडे.

हिल्के : म्हणून भाऊ आठवला.

यित्स्के : हो. खोटं कशाला बोलू?

हिल्के : तुझ्या शेजारी उभा राहिलो तर इथले गोठेवाले मला काय म्हणतील, कल्पना आहे ना?

यित्स्के : आहे. म्हणूनच महिनाभर फोन हातात घेऊन ठेवून देत होते.

हिल्के : आणि तिथे कुणी विचारलं, हा कोण, तर?

यित्स्के : सुरुवातीची दहा मिनिटं मलाच बोलायचं असतं. तेव्हा मीच सांगेन.

हिल्के : काय सांगशील? आत्ता म्हणून दाखव.

(यित्स्के फोन कानाला धरूनच उभी राहते.)

यित्स्के : हा हिल्के, माझा भाऊ. आमच्या ऐंशी गाई आहेत. यातला एक चर आमच्याच शेतातला आहे आणि त्याचं पाणी मीच तपासलंय.

हिल्के : तिथे जरा मोठ्याने म्हण. बाबाही येतायत त्या दिवशी, पण मागच्या रांगेत बसेन म्हणाले.