एक कारडच तं टाकाचं होतं!

...नाई, तुमीच सांगा ना, कम्प्युटरमंदी एक कारडच तं टाकाचं होतं! बोटभर रुंद न् वीतभर लांब. तेवढ्यासाठी चांगला धडधाकट मानूस सडक अर्जुनीहून गोंदियाले तीन खेपा मारते का? मी मारल्या! एका खेपेले तं यष्टीत कारड टॉवेलात गुंडाळून छातीशी धरून बसलो होतो, न् बाजूची बाई म्हनते, "लेकरू बिमार आहे का जी?" आता काय सांगावं तिले?

तुमाले सांगतो, हायवेवर पंक्चरवाल्याच्या बाजूले जो फोटो स्टुडिओ आहे ना, तो माझाच. लग्नाचं शूटिंग मीच करतो, मिक्सिंग बी मीच. दोन हजार सहाची गोष्ट. माझा साला उमेंद्र, त्याचं लग्न लागलं मे महिन्यात, न् आमच्या सासूबाईनं, मुन्नीबाईनं, भर मांडवात सांगतलं, "भाड्याचा कॅमेरावाला कायले पाह्यजे? घरचा जावई आहे ना!" आता हे आयकून मानूस फुगन का नाई? कारन का, त्या घरी मोठा जावई मी, पन मान सारा लहान्याले! लहाना म्हनजे खुमेंद्र, मास्तर आहे तो. तो आला का हाताची खुर्ची, मी आलो का बाजेचा कोपरा. त्याले "मास्तर, मटनाची आनखी एक बोटी घ्या ना जी," न् मले? "जावईबापू, थोडं तिकडं सरका."

मी म्हनलं, जीवनलाल, हाच मौका आहे. दिवाळी झाली का बिरसीजवळ त्यांच्या गावची मंडई राहते, म्हनजे जत्राच, सारे पाव्हने झाडून येते. त्या दिवशी टीव्ही अंगनात काढाचा, लग्न दाखवाचं, न् साऱ्या गोतानं म्हनलं पाह्यजे, जावई असावा तं असा! बस, एवढीच इच्छा. जास्त मांगली का मी?

पन उमेंद्रनं घोळ केला ना! "भाऊजी, मले ते पुस्तकवालं पाह्यजे. पुस्तक उघडते, न् पानातून नवरा-नवरी उडत येते." माझ्या जुन्या सॉफ्टवेअरमंदी तं बदाम न् गुलाबाची फुलं, त्याच्या पुढं गाडी जात नोती. आनली मंग नवीन सॉफ्टवेअरची सीडी. टाकली. कम्प्युटरनं पंधरा मिनिटं इचार केला, न् म्हनते, तुझं ग्राफिक पुरत नाई. खरं सांगतो, मले वाटलं सासूबाईच बोलून राहिल्या!

गेलो गोंदियाले. दुकानदार म्हनते, "कार्ड डालना पडेगा. स्लॉट कौनसा है, भाईसाब?" आता मले का माहीत स्लॉट का राहते? पन चार गिऱ्हाईक उभे, न् मी स्टुडिओवाला! इज्जतीचा सवाल! म्हनलं, "बडावाला." त्यानं पुन्हा इचारलं, "पक्का?" मी म्हनलं, "अरे, दस साल से लाईन में हूं!" त्यानं देला.

घरी येऊन कम्प्युटरचा डब्बा खोलला, तं कारड बसेच ना! खाच इकडं, दात तिकडं. आता कोनी शहाना असता तं वापस नेलं असतं. पन आमच्याकडं नाई बसली वस्तू का वापस नाई करत, बसवते! साऱ्या राईस मिला अशाच चालून राहिल्या. पट्टा जुना, पुली नवी, बेरिंग भलत्याच मशीनची, न् मिल धडधड धडधड! हे सारं बसवते कोन? मनिराम फिटर. गेलो ना मी मनिरामकडं! त्यानं कारड उलटंपालटं केलं, चष्मा वर सरकवला, न् म्हनते, "कानस मारा लागंल. ही सोनेरी पट्टी कामाची आहे का, का शोभेची?" न् मी, तुमाले सांगतो, मी, दहा साल लाईनमंदी असलेला मानूस, म्हनलं, "शोभेची असंल."

मारली त्यानं कानस. बसलं जी! असं खटकन बसलं का मी मनिरामले चहा पाजला. बटन दाबलं, तं कम्प्युटर पीं... पीं... पीं... मनिराम म्हनते, "चालू झाला ना?"

दुसरी खेप. दुकानदारानं कारड पाह्यलं, दुकानातल्या साऱ्याले बोलावून दाखवलं. "भाईसाब, इसको चूहे ने कुतरा क्या?" मी म्हनलं, "नही. मनिराम ने." त्यानं समजावलं, तुमच्या कम्प्युटरचा स्लॉट, म्हनजे कारड बसाची खाच, जुना आहे, त्याचं कारड आता येत नाई. नशीब म्हना, बाकीचा कम्प्युटर शाबूत होता. मंग शोधत शोधत देवरीले गेलो. तिथं भूपेंद्रचा इंटरनेट कॅफे बंद पडला होता, कम्प्युटरवर कोंबडी अंडे देऊन राहिली होती. तिले उठवलं, आतून कारड काढलं. भूपेंद्र म्हनते, "पैसे नोको भाऊ, चुंगडीभर चिन्नोर दे." बायकोनं मंडईसाठी ठेवलेला चिन्नोर! देला. एका कारडासाठी घरातला पोतंभर वासाचा तांदूळ देला मी!

बसलं. सॉफ्टवेअर उघडलं. दहा मिनिटांत सारं बंद! काऊन? तं म्हने कारडाले करंट पुरत नाई. तिसरी खेप, नवीन पावर सप्लाय. मंग कारड तपे. डब्बा उघडा ठेवून समोर टेबलफॅन लावला, तं बायको ओमेश्वरी सैपाकघरातून म्हनते, "आयकता का जी? मी चुलीपुढं उकडून राहिली न् पंखा त्या डब्ब्याले? चिन्नोर त्याचा, पंखा त्याचा, मंग भाकरी बी त्यालेच मांगा!" खरंच बोलली होती ती.

पन ज्या दिवशी ते पुस्तक उघडलं ना... पान पलटलं, न् उमेंद्र न् नवरी अशे तरंगत आले... डोळ्यांत पानीच आलं माझ्या. बायकोले हाक मारली, तिनं पाह्यलं, न् हळूच म्हनलं, "चांगलं झालं जी." मंग का, मी सुटलोच! सासूबाईले कमळात बसवलं. पाव्हने धबधब्यातून काढले. मास्तरले तं सात गिरक्या देल्या, त्यातल्या चार कामाच्या नोत्या.

मंडईचा दिवस आला. अंगन गच्च भरलं, लाईन बी गेली नाई! पुस्तक उघडलं तशा पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. बाया पदर तोंडाले लावून हसून राहिल्या, मानसं म्हनून राहिले, वा वा, सिनेमाच होय! तीन घंटे कोनी उठलं नाई. मी मागं उभा राहून वाट पाहून राहिलो, आता कोनी इचारते, हे कोनं केलं जी?

न् इचारलं! सासूबाईची मोठी बहीन शकुंतलाबाई, तिनं डोळे पुसले न् म्हनलं, "लय चांगलं झालं वो मुन्नी. सारे दिसले. मास्तर तं किती फिरले! पन वो, तुझा मोठा जावई कोठीच नाई दिसला. सख्ख्या साल्याचं लग्न, न् आलाच नोता का?"

साऱ्या अंगनानं मान वळवली. सासूबाई माझ्याकडं पाहून आठवून राहिल्या, आठवून राहिल्या, न् म्हनते, "हौ वो... मले बी नाई दिसला."

आता कोनाकोनाले सांगता, का मी कॅमेऱ्याच्या मागं होतो? मी हात जोडले. म्हनलं, "काम निघालं होतं मावशी. पुढच्या लग्नाले नक्की येतो."