दामूच्या विमानावरचा निळा शेंबूड

...आणि वर मला विचारतो कसा, "काकी, झकास दिसतंय ना?" झकास? अहो तुम्हाला सांगते, मी दारातच कपाळ बडवलं! भिंतीवर टांगलेलं माझ्या नवऱ्याचं, दामूचं विमान, त्यानंच सागाच्या तुकड्यातून कोरलेलं, कॅलेंडरातल्या चित्रावर पट्टी ठेवून, चित्रातलं बोट म्हणजे आपली वीत असा हिशोब करून... खिडक्या मोजा, पत्र्याच्या खिळ्यांसारखे सुईनं टोचलेले रिबीट मोजा, एक कमी निघाला तर मला सांगा! आणि ह्या चांगदेवानं, माझ्या पुतण्यानं, त्याच्यावर निळा ऑइलपेंट ओतला, वरनं वार्निश. रंग न्हाय हो, शेंबूड! पंखाखाली थेंब लोंबतायत, हात लावला की चिकटतंय... शी!

आमच्या टेमघरच्या वस्तीत जयंती आली की हेच, त्यात यंदा शताब्दी! समाजाच्या हॉलच्या गेटाला रंग मारतात, डबा उरतो, आणि उरलेला रंग ठेवला तर जसं काय पाप लागतं! मग स्टूल निळं, मीटरची पेटी निळी, शेजारच्या शैलाच्या बाळाचा पाळणा निळा, आणि पाळण्यातलं पोर आठवडाभर निळं! निळ्याशी माझं भांडण न्हाय, निळा आमच्या काळजातला. पण दामूच्या विमानावर? म्हणे, "चित्ररथावर टांगायचंय काकी, पंखावरची ती वेडीवाकडी अक्षरं बरी दिसत न्हायत." वेडीवाकडी? अरे मेल्या, ती माझी हायत! मी शाळेचा उंबरा बघितला न्हाय, दुकानांच्या पाट्या बघून शिकले, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिवलं ते त्या पंखावर, लाल रंगात. दामू म्हणाला, "असू दे वाकडं, विमान तुझं." दामू गेला, तेवढंच राहिलं. त्याच्यावर शेंबूड?

मग सुरू झाले शहाणे. रिक्षाच्या गॅरेजातला मुनीर म्हणतो, "खाला, ब्रेक ऑइल लगाओ, मक्खन जैसा उतरेगा!" आधी शेपटीला लावून बघितलं. उतरला की! निळा उतरला, खालचा दामूचा चंदेरी पण उतरला, लाकूड उघडं... खरुज झालेल्या कुत्र्याची शेपूट बरी! म्हटलं, "मुनीर, तुझ्या मक्खननं माझी अक्षरं खाल्ली असती ना, तर मी तुला खाल्ला असता!" शैला म्हणते, "मावशी, सगळंच खरवडा, मी स्टेन्सिलनं नवीन नाव काढून देते, एकदम छापल्यासारखं!" छापल्यासारखं! मी काय साबणाची वडी हाय?

शेवटी बसले मीच. चांगदेवाचा रंग परवाचा, कच्चा. दामूचा जुना, दगड झालेला. तारपीन कच्च्यालाच खातं, जुन्याला दात लागत न्हायत त्याचे. लूमचं, म्हंजे यंत्रमागाचं, वेस्ट सूत काडीला गुंडाळलं, तारपिनात बुडवलं, पंखावर टेकवलं, थांबले, पुसलं... काय निघालं सांगू? निळी, पिवळी, तार सुटणारी लाळ! नखात गेली, भाकरीला वास, चहाला वास, दोनदा ओकारी आली. रंग न्हाय, शेंबूड! पण घाई केली न्हाय. अक्षराच्या कडेकडेनं, काडी बदलत, लगेच साबणाचं पाणी... आणि दिवेलागणीला निळ्यातून लाल वर आलं. चंद्रा. वाकडंच! तेच वाकडं!

तेवढ्यात आला चांगदेव. बघितलं, डोळे पुसले. "काकी, चुकलो. अर्धं निळं, अर्धं चंदेरी, शेपूट उघडी, असंच टांगतो चित्ररथावर. तुझं नाव दिसलं पाहिजे." मला पण भरून आलं हो! म्हटलं, सुधारला. तर पाठीमागनं काढला डबा! "नुसतं नावावर एक हात वार्निश, काकी. टिकेल!" रंग न्हाय, शेंबूड, तो पण डबाबंद! ओरडायला तोंड उघडलं, वास घशात गेला, मिटलं. हा बघा तर ब्रश बुडवून, मी हो म्हणायची वाट बघत उभा... काय करता?

"मार बाबा," म्हटलं, "पण पातळ मार." आणि विमान हलू नये म्हणून मीच धरून बसले.