कमरेला गादी न बांधता

माझा जन्म पेडण्याचा, पण मूळ आम्ही सावंतवाडीकडचे, बापूस माडांच्या बागायतीत कामाला म्हणून आला आणि इकडलाच झाला. गोवा सुटला त्यानंतर तीन-चार पावसाळ्यांनी मी झालो असं आई सांगायची, तारीख-बिरीख कोणाला ठाऊक. घर डोंगराच्या अंगावर, विहीर पार खाली, दिवसाला दहा वेळा कळशी घेऊन चढ चढायचा, आणि मी ती कळशी बायकांसारखी कमरेवर घ्यायचो. तिथेच मला दशावतारी कंपनीच्या मालकांनी बघितलं. बाबी म्हणायचो आम्ही त्यांना. आईला म्हणाले, गे, तुझ्या झिलाची चाल बघ, अशी चाल माका होयी. मी सोळा वर्षांचा होतो.

तर मी राणी झालो. दहा वर्षं राणीच. दुसऱ्या कंपन्यांत बायकांची कामं करणारे पुरुष कमरेमागे कापडाची गादी बांधायचे, नऊवारीला भर यावा म्हणून, पण बाबींना ते खपत नसे. म्हणायचे, गादी बांधलेली बाई उभी आसा थंयसर बरी, चलली की कळता. माझ्या अंगाला त्या चढउताराने आपोआप भर आलेला, मागून गोल, म्हणजे कुल्ले हो, आता लाजून कसं चालेल, गोष्टच त्यांची आहे. एकदा डिचोलीकडच्या एका देवळात मी साडी नेसून, तोंड रंगवून बाजूला बसलो होतो, तर एक म्हातारी आली, आपल्या केसांतली अबोली काढून माझ्या केसांत माळली आणि विचारते, बाये, माहेर खंय तुजें? मी गप्प राहिलो, माझा आवाज ऐकून बिचारी लाजली असती. काय सांगू तुम्हाला, ते सुख नंतर कशातच मिळालं नाही.

मग लग्न झालं. सुशीला साखळीची. वर्ष झालं नाही तोच सासऱ्यांनी शिरगावच्या खाणीवर मला टिपरवर ड्रायव्हर म्हणून चिकटवलं आणि सांगितलं, जावयबापू, आता साडी पुरे. पुरे तर पुरे. बावीस वर्षं टिपर चालवला, खाण ते नदीवरचा धक्का, धक्का ते खाण, लाल धूळ खात, आणि बसून बसून माझं मागचं अंगच गेलं. सपाट फळी. पॅंट पट्ट्याशिवाय राहीना, पोट तेवढं पुढे आलं. वाटेत कुठे दशावताराचा फलक दिसला की मी नजर रस्त्यावर ठेवायचो, पण पाय क्लचवर असले तरी आतून राणीचीच पावलं टाकायचे. मग खाणी बंद पडल्या, टिपर मालकाच्या अंगणात उभा राहिला, आणि मी माझ्या.

अशात एक दिवस बाबींचा मुलगा आला. आता कंपनी तोच बघतो. म्हणाला, बाबी अंथरुणाला खिळलेत, आणि एकच धरून बसलेत, राणीक चलताना एकदा बघूचा आसा. मी म्हटलं, मागे भर आणतो आणि गणपतीची चवथ झाल्यावर येतो. अजून तीन महिने होते. तो म्हणाला, तीन महिने कशाला, गादी बांधा आणि उद्या या, झोपलेल्या माणसाला काय कळतंय? मी म्हटलं, त्यांना कळेल.

साखळीला दुकानांच्या वर जिम आहे, तिथे गेलो. शिकवायला प्राजक्ता म्हणून पोर, माझ्या मुलीच्या वयाची. विचारते, काका, पोट उणें करूंक जाय? मी म्हटलं, ना गो, मागचं वाढवायचं आहे. ती तोंडावर हात धरून हसली. मग मी सगळं सांगितलं, बाबींचं, राणीचं, गादीचं, तेव्हा तिचं हसू थांबलं. मला एका पायावर उभं केलं, मी कलंडलो. म्हणाली, काका, तिथले स्नायू बसून बसून झोपलेत, आधी जागे करूया, मग भर येईल. आणि तिने माझ्यापुरते व्यायाम निवडले. खुर्चीला जेमतेम टेकायचं आणि उठायचं. पाठीवर निजून, गुडघे दुमडून कंबर उचलायची, वर गेल्यावर कुल्ले आवळून थांबायचं. पायरी चढायची, जोर टाचेवर. आणि कुशीवर निजून वरचा पाय उचलायचा, बाजूचा गोलावा त्यानेच येतो म्हणाली. एक पाय पुढे टाकून खाली वाकायचं ते करून बघितलं तर उजवा गुडघा कटकन बोलला, ती म्हणाली, हें तुमकां नाका. वजनाच्या दांड्यालाही हात लावू दिला नाही, टिपरने माझी कंबर आधीच खाल्लेली. एक दिवस आड करा, आणि पेजेबरोबर अंडं, बांगडा खा.

घरी जमिनीवर निजून कंबर उचलत होतो तर सुशीलाने बघितलं. आधी हसली. मग कशासाठी ते कळलं तशी भिंतीला टेकून बसली. इतक्या वर्षांत न बोललेलं बोलली. म्हणाली, लग्नानंतर पहिल्या जत्रेला तुम्ही राणी झालात, आणि बाजूच्या बायका मला म्हणाल्या, सुशीले, तुजेपरस तुजो घोव बरो दिसता. नवरा बायकोपेक्षा देखणा! घरी येऊन मी आरशात बघितलं आणि रडले. माझ्या वडलांना मीच सांगितलं होतं तुमची साडी सोडवायला. मला राग यायला हवा होता, आला नाही. दोन दिवस ती तिच्या कामात, मी माझ्या. तिसऱ्या दिवशी मी खुर्चीवर उठबस करत होतो तर येऊन उभी राहिली, म्हणाली, कदेल सरकता, मी धरतंय. त्यानंतर दर वेळी तिनेच खुर्ची धरली.

चवथ झाली. एका दुपारी बाबींच्या घरी सुशीलाने मला नऊवारी नेसवली, निऱ्या आपल्या हातांनी लावल्या. बाबी खिडकीजवळच्या खाटेवर, नुसती हाडं. मी तुळशीपासून ओसरीपर्यंत चाललो. बाबींनी बोट हलवलं, परत. परत चाललो. मग म्हणाले, गादी नाय? मी म्हटलं, नाय बाबी. ते बघत राहिले आणि म्हणाले, मगे इतकीं वर्सां खंय गेललंस रे? सुशीला मागून पुढे आली, त्यांच्या पायांशी बसली आणि म्हणाली, बाबी, हांवें धरून दवरलो ताका, मीच अडवून ठेवला. बाबींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ काढला नाही.

पुढच्या पावसाळ्यात बाबी गेले. कंपनीत आता नवा माणूस राणी करतो, स्पंजची गादी बांधतो, पण गुणी आहे, त्याचं भलं होवो. मी अजून एक दिवस आड साखळीला जातो. प्राजक्ता विचारते, काका, आता कित्याक? मी म्हणतो, गुडघ्याला बरं वाटतं गो. तुम्हाला म्हणून खरं सांगतो, अजून कोणीतरी बोलावील असं वाटतं.