आर्लोने बंद केलेलं इंजिन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या अग्निशमन दलाचे प्रमुख माननीय लॉवेल ग्रेबर, व्यासपीठावर विराजमान झालेल्या नगराध्यक्षा श्रीमती स्पँगलर, आदरणीय पास्टर होल्त्साप्फेल, आजचे सत्कारमूर्ती श्रीयुत आर्लो निस्वाँडर, त्यांच्या पत्नी व्हर्नेटा, आणि मागच्या टेबलावरच्या चिकन-नूडल्सकडे एक डोळा ठेवून बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

'श्रीयुत निस्वाँडर' असं म्हणण्याचा मी घरी आरशासमोर सराव केला होता. तो एवढ्यापुरताच. आर्लो शाळेत माझ्या दोन वर्ग पुढे होता आणि त्याने माझ्या टोपीत बेडूक ठेवला होता. अशा माणसाला अहो-जाहो करणं मला जमणार नाही. सभेच्या रीतीत बसत नसेल तर अध्यक्षांनी कानाडोळा करावा.

सेहेचाळीस वर्षं आर्लोने रेल्वे रुळापलीकडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये इंजिनं बांधली. ट्रॅक्टरची बांधली, धान्याच्या ट्रकची बांधली. या सभागृहात असं एक तरी घर आहे का, ज्याचं काहीतरी त्याच्या हाताखालून गेलं नाही? पण त्याचा जीव कशात होता, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आपल्या तरुणपणीच्या त्या दांडग्या गाड्या! आठ सिलिंडरच्या, पेट्रोल ढोसणाऱ्या, सिग्नल सुटला की माणसाला सीटमध्ये रुतवणाऱ्या.

माझ्या रॉइसकडे तशीच एक होती. सदुसष्ट सालची जीटीओ, गडद हिरवी. तो मला पहिल्यांदा फिरायला न्यायला आला, तेव्हा माझ्या वडिलांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता सांगितलं, "हा मुलगा नको. आवाजावरूनच कळतंय." लग्नानंतर दर शनिवारी आम्ही शर्यतीच्या पट्टीवर असायचो. पाव मैल, तेरा-चौदा सेकंद, आणि त्या तेरा-चौदा सेकंदांवर रॉइस पुढचे सहा दिवस बोलायचा. मी वैतागायचे. आज ते सहा दिवस कुणी परत दिले, तर मी हूं की चूं न करता ऐकेन.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात त्याने इंजिन उघडलं. "वसंतात बसवतो," म्हणाला. कुठल्या वसंतात, ते म्हणाला नाही. मग मुलीचं शिक्षण आलं, त्याच्या आईचं आजारपण आलं, घराचं छप्पर आलं. इंजिन दुधाच्या क्रेटमध्ये राहिलं. प्रत्येक बोल्ट कॉफीच्या डब्यात, डब्यावर रॉइसच्या अक्षरात चिठ्ठी.

पुढे त्याला कंपवाताने धरलं. आधी हात गेले, मग हळूहळू शब्द जायला लागले. तीन वर्षांपूर्वी वसंतात मी ते सगळे क्रेट आर्लोच्या शेडमध्ये नेऊन टाकले. त्याने एक डबा उचलला, चिठ्ठी वाचली.

"हे रॉइसने सुटं केलंय?"

"हो."

"मग काही हरवलं नसणार."

दर गुरुवारी मी रॉइसला चाकाच्या खुर्चीतून तिथे नेत असे. सिलिंडर पुन्हा कातून झाले, क्रँक घासून झाला. आर्लो एखादा धुतलेला भाग रॉइसच्या थरथरत्या हातात द्यायचा. मी म्हणायचे, "अरे, पडेल!" हा म्हणायचा, "पडू दे. लोखंड आहे, अंडं नाही."

ऑक्टोबरात इंजिन डायनोवर चढलं. माझ्या चर्चमधल्या मैत्रिणींसाठी सांगते: डायनो म्हणजे इंजिनाला गाडीत न बसवता जागच्या जागी पळवायचं, त्याच्यावर पाण्याच्या दाबाने ओझं टाकायचं, आणि त्याच्यात किती घोड्यांचं बळ आहे ते मोजायचं. मुलगी कॉरीन टोलेडोहून आली होती. पट्टीवरचे जुने गडी आले होते. डझनभर माणसं काचेमागे उभी. रॉइसने मागे कधीतरी पैज मारली होती, हे इंजिन चारशे घोडे देईल.

पहिल्या खेपेला तीनशे एकाहत्तर आले. दुसऱ्या खेपेला तीनशे एकोणनव्वद. रॉइसची खाली गेलेली मान वर आली होती. कित्येक महिन्यांत मी ती तशी पाहिली नव्हती. तिसऱ्या खेपेला आकडा चढायला लागला, सगळे ओरडायला लागले, मीही ओरडत होते, आणि आर्लोने इंजिन बंद केलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"तेलाचा दाब पडला. आणि आवाज आला."

"मला नाही आला."

"मला आला."

"इथे कुणालाच नाही आला, आर्लो! अजून एकदा लाव. चारशेला पोचू दे."

"नाही."

"त्याच्याकडे बघ तरी!"

"त्याच्याकडे बघूनच नाही म्हणतोय. आणखी एक खेप, आणि सगळं फुटून जाईल. मग त्याचं इंजिनच राहणार नाही."

त्याने तिथल्या तिथे तेलाची परात खोलली. सहाव्या रॉडचं, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग खरवडलं होतं. केसाएवढी फट जास्त राहिली होती. मंडळी, तो म्हणू शकला असता की बेअरिंगच खराब निघालं. आम्हाला काय कळणार होतं? पण तो सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माझी. मापताना गेज शून्यावर आणलं नव्हतं."

मी काय बोलले, ते इथे काही जणांनी ऐकलंय. मी म्हणाले, "हात चालत नसतील तर दुकान बंद कर. माझ्या नवऱ्याचा शेवटचा आनंद घालवलास तू." आणि रडत बाहेर गेले. कॉरीन माझ्यामागे आली.

आर्लोने दुरुस्तीला पाच आठवडे मागितले होते. चौथ्या आठवड्यात रॉइस न्यूमोनियाने गेला.

अंत्यसंस्काराला आर्लो आला. मी सगळ्यांचे हात हातात घेतले आणि याच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. इंजिन दुरुस्त होऊन पडलं होतं. व्हर्नेटाने दोनदा फोन केला, मी उचलला नाही. नंतर तिच्याकडून कळलं, दर महिन्याला तो ते हाताने थोडं फिरवून ठेवायचा, म्हणजे जाम होऊ नये. पण सुरू केलं नाही. कुणी विचारलं की सांगायचा, "मालकीण येईपर्यंत नाही."

चौदा महिन्यांनी मालकीण आली. गाडी विकून टाकायची, एवढंच सांगायला. शेडमध्ये तो आणि व्हर्नेटा दोघंच होते. जाता जाता माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या दिवशी खरंच आवाज आला होता का रे?"

आर्लो म्हणाला, "तू बाहेर गेलीस ना, तेव्हा रॉइसने माझी बाही धरली. म्हणाला, 'रॉड.' एवढंच."

मंडळी, त्या दिवसापर्यंत सहा आठवड्यांत रॉइसच्या तोंडून माझं नावही आलं नव्हतं. आम्ही सगळे आकड्याकडे बघून ओरडत होतो. माझा नवरा ऐकत होता. तो तिथे होता, पूर्णपणे होता, आणि ते मला नाही, आर्लोला माहीत होतं.

"मग मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुला कुणावर तरी रागवायचं होतं, आर्डिथ. आणि चूक माझीच होती. मग राग दुसरीकडे कशाला जाऊ द्यायचा?"

मी खुर्चीवर बसले. व्हर्नेटाने कॉफी दिली, ती गार झाली. मग मीच म्हणाले, "लाव."

त्याने इंजिन तापवलं आणि वेगाच्या दांड्यावर माझा हात ठेवला. म्हणाला, "सावकाश पुढे. मी सांगेपर्यंत थांबू नकोस." मी थांबले नाही. चारशे बारा आले. कुणी ओरडलं नाही. आम्ही तिघं होतो, आणि आवाज स्वच्छ होता.

गाडी विकली नाही. आत्ता बाहेर उभी आहे. अग्निशमनाच्या नळासमोर लावली आहे, लॉवेल, ते मला माहीत आहे.

या समारंभासाठी खपलेल्या स्वयंसेवकांचे, नूडल्स रांधणाऱ्या हातांचे, आणि मला हा मान देणाऱ्या समितीचे मी मनापासून आभार मानते. बोलणं लांबलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर सभेने ते पदरात घ्यावं.

सभेची माफी मागून झाली. एकाची राहिली आहे. आर्लो, तुझ्या हातांबद्दल मी जे बोलले ते चारचौघांसमोर बोलले होते, आणि त्यानंतर शेडमध्ये, चर्चमध्ये, दुकानात शंभर वेळा भेटूनही ते मागे घेतलं नाही. आज चारचौघांसमोरच घेते. मी चुकले. मला क्षमा कर.

बसते आता.