येताना दोन तिकिटं

कोचाबाम्बाच्या बस स्थानकात ओरुरोच्या तिकिटांच्या रांगेत माझ्यापुढं दोघी उभ्या होत्या.

"सापडली गं, ओर्तेन्सिया. माझी भाची सापडली."

"अगंबाई. कुठं?"

"ओरुरोला. एकटीच सरहद्दीचं तिकीट मागत होती. खिडकीतल्या बाईनं आईबापाचा परवाना विचारला, तर म्हणते, आई बाथरूमला गेलीय."

"एवढीशी पोर, आणि काय ते डोकं."

"बाईनं तिला आत बसवलं, मक्याची गरम आपी पाजली आणि हळूच बालसंरक्षणवाल्यांना फोन लावला. आपल्या पोलिसांनी फोटो आधीच तिकडं धाडला होता. ड्रायव्हरांच्या मोबाइलवरसुद्धा होता."

"मग तुझी बहीण गेली असेल आणायला?"

"तिच्या ताब्यात दिली नाही. आधी पोरीला एकटीला घेऊन बोलले. घरी सोडू का म्हटलं, तर नको म्हणाली. सावत्र बापाचं नाव काढलं की गप्पच."

"मग गं?"

"कुणाकडे राहशील, तर माझं नाव घेतलं. माझं, ओर्तेन्सिया. काल त्यांची माणसं माझं घर बघून गेली, आज तिला न्यायला बोलावलंय."

खिडकी आली.

"जाताना एक द्या, येताना दोन. त्यातलं एक लहान मुलीचं."

"परवाना दाखवल्याशिवाय मुलीचं तिकीट मिळणार नाही."

"अजिबात देऊ नका, बाई. कुण्णालाही देऊ नका."